शिकलेले उंदीर : वर्धा जिल्ह्यातील एका धान्यघराचे प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू पिकवणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या घरी घडलेले हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मात्र दिलेले नाही. घराला लागून जाड मातीच्या भिंतींचे, कवेलूंच्या छपराचे जुने धान्यघर आहे, त्याच्या पाठीमागे गोठा आणि गोठ्याला चिकटून कुटार भरण्याची खोली. धान्यघरात गव्हाची आणि हरभऱ्याची पोती, पुढच्या हंगामासाठी राखलेले सोयाबीनचे बियाणे आणि जनावरांची ढेप वर्षभर असते. अन्न, आडोसा, ऊब आणि गोठ्यातल्या हौदाचे पाणी, उंदराला लागणारे सारे काही तेथे हाताशी आहे. मुख्य त्रास काळ्या घरउंदराचा होता, जो आढ्यावरून आणि वाशांवरून फिरतो. कुटाराच्या खोलीत लहान घरउंदीर होते आणि धुऱ्याच्या बाजूला घुशींची बिळे होती, पण घुशींचा या हकिकतीशी फारसा संबंध येत नाही.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि या घरातला थोरला मुलगा माझा जुना विद्यार्थी आहे. जानेवारीत तो भेटायला आला तेव्हा त्याच्या दोन तक्रारी होत्या. वर्षभर विष घालूनही उंदीर कमी होत नव्हते, ही पहिली. आणि गेल्या दोन दिवसांपासून उंदीर भरदिवसा अंगणात येऊन थरथरत होते, घरातले मांजरही लाळ गाळत पडले होते, ही दुसरी. घरच्यांना या दोन वेगळ्या अडचणी वाटत होत्या. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच होते. विषारी संयुग उंदराच्या मज्जासंस्थेवर कुठे आणि किती वेळात काम करते, यावर उंदराचे पुढचे वर्तन ठरते, आणि त्या वर्तनाकडे न पाहता केवळ विषाची मात्रा वाढवत गेल्याने हे घर या अवस्थेला पोहोचले होते.

झिंक फॉस्फाइडचे वर्ष

कृषी सेवा केंद्रातून आणलेली झिंक फॉस्फाइडची काळपट राखाडी पूड या घरात साधारण महिन्या-दीड महिन्याने वापरली जात होती. गहू थोडा भरडायचा, त्याला गोडेतेल चोळायचे, वरून पूड टाकून काडीने ढवळायचे आणि संध्याकाळी पोत्यांच्या मागे मूठ-मूठ ठेवायचे, अशी पद्धत. पहिल्या वेळी सकाळी गोठ्याच्या दाराशी आणि कुटाराच्या खोलीत बरेच उंदीर मेलेले सापडले. पुढच्या वेळी दोन-तीनच सापडले. त्यानंतर आमिष सकाळी जसेच्या तसे दिसू लागले. दुकानदाराने पूड भेसळीची असेल असे सांगितले, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली गेली. तीही चालेना, तेव्हा प्रमाण दुप्पट केले गेले. आमिष तरीही पडून राहिले, आणि बाजूच्या पोत्यांना मात्र रोज नवी भोके पडत राहिली.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाच्या संपर्कात आले की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो रक्तात शिरून पेशींच्या आतली ऊर्जानिर्मिती रोखतो, आणि ज्या अवयवांना अखंड ऊर्जा लागते, म्हणजे हृदय, मेंदू आणि यकृत, त्यांना पहिला फटका बसतो. पुरेशी मात्रा पोटात गेली तर उंदीर काही तासांत मरतो. येथे ‘पुरेशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा दर किलो वजनाला सुमारे ४५ मिलिग्रॅम धरली जाते. दीडशे ग्रॅमच्या घरउंदराला याचा अर्थ सुमारे सात मिलिग्रॅम विष. शिफारशीप्रमाणे ९६ भाग धान्य, दोन भाग तेल आणि दोन भाग पूड असे आमिष केले, तर एक ग्रॅम आमिषात २० मिलिग्रॅम विष येते. म्हणजे गव्हाचे आठ-नऊ दाणे खाल्ले की तो उंदीर मरण्याची शक्यता अर्ध्यावर येते. ही मात्रा फारच थोडी वाटते, आणि विष हमखास काम करणार असा विश्वास माणसाला वाटतो तो यामुळेच.

पण नवे अन्न समोर आले की उंदीर आठ-नऊ दाणे सहसा खात नाही. तो दोन-तीन दाणे कुरतडतो आणि निघून जातो. एखाद्या ठरलेल्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या उंदरांमध्ये नव्या वस्तूविषयी आणि नव्या चवीविषयी हा संशय फार पक्का असतो. दोन-तीन दाण्यांनी तो मरत नाही, मात्र तास-दोन तासांत त्याचे पोट ढवळते, तो निस्तेज होऊन कोपऱ्यात बसतो आणि पुढच्या दिवसापर्यंत सावरतो. कुत्र्या-मांजराने असे काही खाल्ले तर ते उलटी करून मोकळे होते. उंदराला उलटी करताच येत नाही, कारण उलटीसाठी पोट, श्वासपटल आणि घसा यांना एका क्रमाने हलवणारी जी मज्जारचना मेंदूच्या खोडात लागते, ती कुरतडणाऱ्या प्राण्यांत नसते. मळमळ मात्र त्याला होते. प्रयोगशाळेत मळमळलेले उंदीर अन्न सोडून पांढरी माती खातात, आणि मळमळ मोजण्याची ती एक मान्य पद्धत आहे. या धान्यघराच्या मागच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर माती ताजी खरवडलेली दिसली. ती त्याच कारणाने खरवडली गेली असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण उंदीर बिळासाठीही माती कोरतात. तरी खाली पडलेला चुरा फारच कमी होता, हे नोंदवून ठेवतो.

एकदा गिळलेले विष बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे उंदराच्या मेंदूने सगळा भर शिकण्यावर दिला आहे. मेंदूच्या खोडाजवळ, चौथ्या पोकळीच्या तळाशी, एक छोटा भाग असा आहे की जेथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा अडसर सैल असतो. रक्तात विष आले की हा भाग ते चाखतो. आतड्यातून निघणारी मोठी मज्जाही बिघाडाची खबर तेथेच शेजारी पोहोचवते, आणि जिभेवरून आलेली चवीची नोंदही त्याच परिसरात येऊन वर मेंदूच्या बाह्यपटलापर्यंत जाते. चव आणि आजार यांची गाठ अशा रीतीने पडते. प्रयोगशाळेत ही गाठ घालण्यासाठी लिथियम क्लोराईड वापरतात. ते उंदराला मारत नाही, नुसते आजारी पाडते. मेंदूच्या खोडातला तो छोटा भाग काढून टाकला, तर लिथियम दिलेला उंदीर त्या चवीचा तिटकारा शिकत नाही.

या शिकण्याचे सगळ्यात विलक्षण वैशिष्ट्य म्हणजे त्याला लागणारा वेळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवले की गोड पाणी पिताना किरणोत्सर्गाने आजारी पडलेले उंदीर पुढे ते गोड पाणी टाळतात. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांना असे पाणी दिले की ज्याला चव होती आणि जे पिताना दिवा लागे व आवाज होई. ज्यांना नंतर आजारी पाडले त्यांनी चव टाळली, ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. आजाराचा दोष मेंदू चवीवर ढकलतो, दिव्यावर ढकलत नाही. आणि चव घेतल्यावर काही तासांनी आजार आला तरी तो ही गाठ बरोबर घालतो. इतर बहुतेक शिकवणीत काही सेकंदांचे अंतर पडले की गाठ सुटते. दोष ढकलतानाही मेंदू निवड करतो. रोज खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाला तो सहसा सोडून देतो आणि त्या दिवशी नवी लागलेली चव धरतो.

राखेवरची पाहणी

वर सांगितलेले या घरात खरोखर घडले आहे की नाही, हे विष न वापरता तपासणे शक्य होते. चुलीतली राख चाळून धान्यघराच्या जमिनीवर तीन ठिकाणी पातळ पसरली आणि मधोमध एकेक पळसाच्या पानाचा द्रोण ठेवला. एकात त्याच घरच्या पोत्यातला कोरडा गहू, दुसऱ्यात तोच गहू गोडेतेल चोळून, पण विषाविना, आणि तिसऱ्यात कोरडी ज्वारी. द्रोण जागचे न हलवता रोज सकाळी ठसे पाहून राख पुन्हा सारखी करायची, एवढेच काम घरातल्या धाकट्या सुनेकडे दिले होते, आणि तिने ते फार काटेकोरपणे केले. द्रोण रिकामे झाले की नाही एवढ्यावर न थांबता पावले कोणत्या दिशेने आली आणि कोठून वळली, हेही तिने वहीत रेघांनी काढून ठेवले होते.

पहिल्या दोन रात्री तिन्ही द्रोणांभोवती ठसे भिंतीच्या कडेकडेनेच गेले. तिसऱ्या रात्रीपासून कोरडा गहू आणि ज्वारी खाल्ली जाऊ लागली. तेलाच्या गव्हापाशी ठसे येत, द्रोणाच्या काठाशी पुढच्या पायांचे ठसे दाटीने उमटलेले दिसत, म्हणजे उंदीर तेथे थांबून हुंगत असे, आणि मग वळून जात. गहू तोच होता, पोत्याला भोक पाडून ते तोच खात होते, आणि द्रोणात विषाचा कणही नव्हता. टाळली जात होती ती तेलाची चव. वर्षभर प्रत्येक आमिषात तेच तेल होते, आणि रोजच्या ओळखीच्या गव्हापेक्षा नवी असलेली तीच एक गोष्ट असल्याने आजाराचा दोष तिच्यावर गेला होता. पुडीचा स्वतःचा लसणासारखा वासही त्यांनी ओळखला असणारच, आणि पुडीचे प्रमाण दुप्पट केल्याने तो ओळखायला आणखी सोपा झाला असणार. पण विष बदलूनही आमिष का पडून राहिले, याचा उलगडा तेलानेच होतो.

शिफारस केलेल्या पद्धतीत विषारी आमिषाच्या आधी दोन-तीन दिवस तेच आमिष विषाविना ठेवायला सांगितलेले असते, ते याचसाठी. त्या दिवसांत चवीची ओळख होते, संशय मावळतो, आणि विषाच्या रात्री उंदीर पोटभर खातो. पुडीच्या पाकिटावर हे छापलेले असते. या घरात ते कोणी वाचले नव्हते, आणि विकणाऱ्यानेही सांगितले नव्हते. खेड्यात शेतकऱ्याला औषध मिळते, पण त्यासोबतची दोन वाक्यांची माहिती मिळत नाही, याची खंत या सगळ्या प्रकरणात मला सतत वाटत राहिली.

घरातल्या आजींचे म्हणणे वेगळे होते. “एक मेलं का बाकीच्याईले सांगून ठेवते, बाप्पा,” असे त्यांनी मला दोनदा सांगितले. गावोगाव हा समज आहे आणि तो पूर्ण निराधार नाही, पण सांगण्याची रीत वेगळी आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या बेनेट गॅलेफ यांनी अनेक वर्षे हाच प्रश्न तपासला. त्यांना आढळले की एका उंदराच्या श्वासाला एखाद्या अन्नाचा वास असला, तर त्याला हुंगणारा दुसरा उंदीर तेच अन्न अधिक पसंत करू लागतो, आणि यात उंदराच्या श्वासातल्या कार्बन डायसल्फाइडचा वाटा असतो. हुंगला गेलेला उंदीर आजारी असला तरीही पसंती वाढते, तिटकारा निर्माण होत नाही. म्हणजे ‘हे खाऊ नका’ असा निरोप एक उंदीर दुसऱ्याला देत नाही. मात्र पिल्ले मोठ्या उंदरांच्या मागे जाऊन ते जेथे खातात तेथेच खाऊ लागतात, आईच्या दुधातूनही तिच्या खाण्याची चव त्यांना कळते, आणि मोठे जे खात नाहीत ते पिल्लांच्या तोंडी लागतच नाही. घरउंदराच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचाच असतो. विषाचा अनुभव आलेल्या काही माद्या जगल्या, तर वर्षभरात त्या धान्यघरात अशा पिढ्या येतात की ज्यांना विष काय ते माहीत नाही, पण तेलाचा गहू खायचा नसतो हे ठाऊक आहे. आजींना हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की मग सांगितल्यासारखेच झाले की. परिणामापुरते ते खरे आहे.

पौषातली घटना

झिंक फॉस्फाइड चालेना, तेव्हा घरच्या सालदाराने कपाशीच्या फवारणीतून उरलेल्या बाटलीतले कीटकनाशक कणकेत मळून त्यात गूळ घातला आणि गोळ्या करून छपराच्या वाशांवर ठेवल्या. बाटली मी पाहिली. तिच्यात ५० टक्के क्लोरपायरिफॉस आणि ५ टक्के सायपरमेथ्रिन होते, म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांची, मज्जासंस्थेवर दोन वेगळ्या ठिकाणी घाव घालणारी संयुगे एकाच द्रवात. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. शेजारच्या गावात असे केले जाते हे त्याने पाहिले होते. तरीही स्पष्ट लिहिले पाहिजे की पिकासाठीचे कीटकनाशक उंदरासाठी वापरणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय ते कामही करत नाही, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशांना ते बाधते.

गुळामुळे काही उंदरांनी, बहुधा तरुण आणि अननुभवी उंदरांनी, गोळ्या खाल्ल्या. क्लोरपायरिफॉसची मारक मात्रा झिंक फॉस्फाइडच्या तिपटीच्या आसपास आहे, त्यामुळे बहुतेक उंदीर मेले नाहीत, पण त्यांची मज्जासंस्था विस्कळीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदीर अंगणात दिसू लागले. उंदराच्या वर्तनातला सगळ्यात पक्का नियम म्हणजे उघड्यावर न येणे आणि चालताना मिशा भिंतीला लागलेल्या ठेवणे. प्रयोगशाळेत नव्या औषधाचा परिणाम पाहायला उंदराला मोकळ्या चौकटीत सोडून तो कडेने किती आणि मधून किती फिरतो हे मोजतात, ते याच नियमाच्या आधारावर. येथे शेणाने सारवलेले अंगण हीच ती चौकट झाली होती, आणि उंदीर भर उन्हात तिच्या मधोमध होते. मुलाने फोनवर काढलेले चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्यात दोन प्रकारची लक्षणे वेगळी काढता येत होती.

काही उंदीर पुढच्या पायांनी जमीन सतत खरवडत होते, जणू बीळ खणत आहेत, तोंड लाळेने भिजलेले होते, आणि मग अंगाला पीळ पडून ते लोळत. सायपरमेथ्रिनच्या जातीच्या संयुगांची ही ओळख आहे. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियमचे दार क्षणभर उघडते आणि मिटते. ही संयुगे ते दार मिटू देत नाहीत, त्यामुळे एका संदेशाच्या जागी अनेक संदेश जात राहतात. पायरेथ्रॉइड गटातली संयुगे उंदरात दोन प्रकारची लक्षणे घडवतात, एका प्रकारात नुसता कंप आणि दुसऱ्या प्रकारात लाळ, खरवडणे आणि पीळ, असे वर्गीकरण १९८० मध्ये उंदरांवरच्या निरीक्षणांतून मांडले गेले. सायपरमेथ्रिन दुसऱ्या प्रकारात येते. लक्षणे लवकर येतात आणि मात्रा कमी असेल तर दिवसाभरात ओसरतात.

दुसरे उंदीर अंग फुगवून, केस उभारून, चुलीजवळच्या गरम दगडाशी गोळा होऊन बसले होते आणि माणूस जवळ आला तरी हलत नव्हते. त्यांच्या स्नायूंत बारीक लहरी उठताना दिसत होत्या आणि डोळ्यांभोवती लालसर ओल होती. घरच्यांना ते रक्त वाटले. ते रक्त नव्हते. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात लाल रंगद्रव्य असते, आणि असिटिलकोलिन या मज्जारसायनाचा अतिरेक झाला की ती ग्रंथी हा लाल स्राव बाहेर टाकते. क्लोरपायरिफॉस असा अतिरेक घडवते. ते स्वतः फारसे काही करत नाही, पण यकृत त्याचे रूपांतर अधिक जहाल संयुगात करते, आणि ते संयुग असिटिलकोलिन फोडणाऱ्या विकराला बांधून टाकते. मग हे रसायन साठत जाते. ग्रंथी वाहू लागतात, स्नायू आधी थरथरतात आणि नंतर थकतात, आणि मेंदूतले तापमान राखणारे केंद्र बिघडून उंदराच्या शरीराचे तापमान घसरते. पौषातल्या थंडीत चुलीपाशी येऊन बसण्याचे कारण ते होते. यकृतातल्या रूपांतराला वेळ लागत असल्याने ही लक्षणे उशिरा आली आणि लांबली.

असा उघड्यावर थरथरणारा उंदीर मांजराला आयता मिळतो. घरातल्या मांजराने एक-दोन तरी खाल्ले असावेत. ते लाळ गाळत होते, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि मागचे पाय लुळे पडत होते. पशुवैद्यकांनी ॲट्रोपिन दिले, लाळ आणि श्वास सुधारला, मांजर वाचले, पण पुढे बरेच दिवस ते नीट खात नव्हते. मांजरांत क्लोरपायरिफॉसचा परिणाम लांबतो. कुटाराच्या खोलीत दोन चिचुंद्र्याही मेलेल्या सापडल्या. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदराच्या गटातली नाही, ती प्रामुख्याने किडे खाते, आणि धान्यघरात तिचा उपयोगच असतो.

थोरल्या मुलाने उंदरांची लक्षणे पाहिल्याबरोबर ओळखली होती, आणि त्यामुळेच तो घाबरून माझ्याकडे आला होता. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि कित्येक शेकडा लोकांना रुग्णालयात भरती करावे लागले. त्या वेळी रुग्णालयात त्याने पाहिलेले लाळ, घाम, बारीक बाहुल्या आणि फडफडणारे स्नायू हेच होते. उंदराच्या आणि माणसाच्या मज्जातंतूंत असिटिलकोलिन फोडणारे विकर एकच काम करते, आणि ते बांधले गेले की दोघांचेही शरीर एकाच रीतीने कोलमडते. गुळाच्या त्या गोळ्या वाशांवर होत्या आणि घरात लहान मुले आहेत, हे लिहिताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी हातमोजे घालून शोधून काढल्या आणि विहिरीपासून दूर खोल पुरल्या.

त्यानंतर काय केले

सगळ्यात आधी दोन महिने कोणतेही विष ठेवायचे नाही, असे ठरले. हे पटवणे कठीण गेले, कारण त्या काळात नुकसान चालूच राहणार होते. तो काळ दुसऱ्या कामासाठी वापरला गेला. कुटाराची गंजी भिंतीपासून दूर हलवली, बियाण्याचे सोयाबीन पत्र्याच्या कोठीत घातले, दाराखालची फट पत्रा ठोकून बंद केली, आणि हौदावर रात्री झाकण ठेवले जाऊ लागले. राखेवरचे ठसे याने थोडे कमी झाले. गव्हाची नवी पोती येण्याच्या आधी, मार्च महिन्यात, ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे आमिष ज्वारीवर, तेलाविना, झाकणाच्या लाकडी पेट्यांत घालून भिंतीच्या कडेने ठेवले. पेट्यांना उंदीर जाईल एवढेच भोक होते, म्हणजे कोंबडी आणि मूल दोघेही बाहेर राहिले.

ब्रोमॅडिओलोन मज्जासंस्थेवर थेट काम करत नाही. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होण्यासाठी के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरात यावे लागते. ब्रोमॅडिओलोन तो फेरवापर थांबवते. आधीचे घटक रक्तात असेपर्यंत उंदराला काहीच होत नाही, तीन-चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो आणि आठवडाभरात मृत्यू येतो. चव आणि आजार यांच्यात इतके अंतर पडते की उंदराच्या मेंदूला ती गाठ घालता येत नाही. काही तासांपर्यंत पोहोचणारी त्याची स्मरणसाखळी काही दिवसांपर्यंत पोहोचत नाही. मारक मात्रेसाठी या उंदराला तीन-चार ग्रॅम आमिष खावे लागते, पण संशय न येता तो ते दोन-तीन रात्रींत आरामात खातो.

पेट्यांपासूनही उंदीर सुरुवातीला चार-पाच रात्री दूर राहिले. घरच्यांनी पेट्या हलवायला काढल्या होत्या. त्या हलवू नका, असे मी निक्षून सांगितले. नंतर आमिष जाऊ लागले, दोन आठवड्यांनी पेट्यांतली घट थांबली, आणि राखेवर ठसे अगदी तुरळक उरले. या विषानेही मरणाआधीच्या एक-दोन दिवसांत उंदीर सुस्तावतात आणि उघड्यावर दिसतात, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ धान्यघर आणि गोठा पाहून मेलेले व मरायला टेकलेले उंदीर उचलून पुरण्याचे काम सालदाराने स्वतःहून अंगावर घेतले. हे काम वगळता येत नाही. ब्रोमॅडिओलोन उंदराच्या यकृतात साठून राहते, आणि असे उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडाला किंवा मांजराला ते हळूहळू मारू शकते. गावाच्या जुन्या वाड्यात गव्हाणी घुबडांची एक जोडी आहे, आणि ती रात्री जेवढे उंदीर टिपते तेवढे कोणत्याही पेटीने होणार नाही.

आमिषाची घट थांबल्यावर पेट्या रिकाम्या करून काढून घ्यायला मी सांगितले. घरच्यांना त्या कायम ठेवायच्या होत्या, आणि त्यांची भीती मला समजते, कारण धुऱ्याकडून नवे उंदीर येतच राहणार आहेत. तरीही पेट्या कायम ठेवल्या तर घुबडांचा आणि धामणींचा धोका वर्षभर राहतो, आणि थोड्या-थोड्या विषाला पुरून उरणारे उंदीर निवडले जातात. वॉरफरिन या याच जातीच्या जुन्या औषधाला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले होते, आणि ज्या जनुकातल्या बदलाने हे घडते ते २००४ मध्ये सापडले. म्हणून आता राखेची पाहणी महिन्यातून एकदा करायची, ठसे वाढले तरच दोन आठवड्यांसाठी पेट्या भरायच्या, आणि प्रत्येक वेळी आमिषाचे धान्य ज्वारी, मका, तांदळाची कणी असे बदलत राहायचे, असे ठरले आहे. पेट्यांची जागा मात्र बदलायची नाही. राखेची वही अजूनही धाकट्या सूनबाईंकडेच आहे.